पहिल्या फेरीचा मान

मधुबन कॉलनीतल्या भाऊसो निकमांवर जे काही ओढवलं, त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं मिळण्यासारखं नव्हतं. तो शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने, कुणी विचारलेलं नसताना, हरणाबाईंच्या दारात उभं राहून उच्चारला. पुण्यामुंबईच्या माणसाने उच्चारला असता तर बिचाऱ्याला माहीत नव्हतं म्हणून सोडून देता आलं असतं. पण भाऊसो इस्लामपूरजवळच्या उसाच्या गावचे. तो शब्द गावात काय काय करतो हे त्यांनी अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून पाहिलेलं. तरीही उच्चारला. खात्यात नोकरी केली की माणसाला आपण कुठे जन्मलो याचा विसर पडतो, तो असा.

पण आधी रविवारचं सांगितलं पाहिजे.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या इतर कॉलन्यांसारखीच ही एक. निम्मी घरं सकाळी दुचाकीवर बसून कुपवाडला कारखान्यांत जाणाऱ्यांची, निम्मी कुठेच न जाणाऱ्यांची. या दुसऱ्या निम्म्यात फौजेतून आलेले, साखर कारखान्यातून आलेले आणि सरकारी खात्यांतून आलेले असे थर होते. सगळ्या थरांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ऐकून घ्यायची तयारी कुणाचीच नव्हती. भाऊसो पाटबंधारे खात्यातले. तिथे आरेखक, म्हणजे कालव्यांचे नकाशे काढणारे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येकाला कुठली तरी एक गोष्ट नीट येतेच, ती त्याने बाकीच्यांना शिकवावी. महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी, कॉलनीच्या मोकळ्या जागेतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये. नाव ‘शिकवा-शिका’. फी नाही, प्रमाणपत्र नाही, अध्यक्ष नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीने कॉलनी जरा बिचकली. अध्यक्ष नाही तर हार कुणाला घालायचा, असा साधा प्रश्न होता.

स्वतः भाऊसोंना शिकवायचं होतं झाड. लावायला नव्हे, काढायला, कागदावर. नोकरीभर त्यांनी कालवे काढले, मोऱ्या काढल्या, पूल काढले. खात्याच्या नकाशात झाड म्हणजे एक छोटा गोल आणि मध्ये टिंब. वड असो की बाभळ, गोल तोच. हॉलच्या शेजारी एक जुना कडुलिंब होता. रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून भाऊसोंनी त्याची एकेक फांदी डोळ्यांनी पाठ केली होती. हे झाड कसं काढायचं ते पाऊण तासात सांगता येतं, आणि एकदा सांगितल्यावर माणूस जन्मात पुन्हा झाडाचा गोल करणार नाही, अशी त्यांची खात्री होती. समोर माणसं बसलेली आहेत, मध्येच कुणी उठत नाही, मध्येच कुणी आपलं सांगत नाही, असा पाऊण तास आयुष्यात एकदा मिळावा, एवढंच मागणं. ऐकायला लहान वाटतं. भाऊसोंनाही तसंच वाटलं होतं.

“झाडात काय शिकायचंय?” सुभेदार नानासो म्हणाले. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून परेड मैदानावरच होता. “खाली दांडा, वर गोळा. झालं झाड.”

“लिंब नको, आंबा घ्या,” जोतिबा मास्तर म्हणाले. “शुभ दिसतंय.”

“मोबाईलवर आपोआप निघतंय आता, साहेब,” कुपवाडला स्वतःचं वर्कशॉप असलेला मल्हार म्हणाला. “नुसतं झाड म्हणायचं, की झाड हजर.”

भाऊसोंच्या पत्नी राहीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “तुमी पैल्यांदा शिकवून टाका आन मोकळं व्हा. मागनं कोण ऐकत न्हाई.” इतक्या सल्ल्यांत कामाचा हा एकच होता, आणि घरचा असल्यामुळे तो वाया गेला. ज्याने बेत काढला त्यानेच पहिल्या पंगतीला बसणं बरं दिसत नाही, असं म्हणून भाऊसोंनी आपला नंबर मुद्दाम मागे ठेवला. कुणीतरी आग्रह करील, अशी त्यांना आतून आशा होती. कुणी केला नाही.

पहिल्या रविवारी सुभेदारांनी ब्लँकेटची घडी घालायला शिकवली. फौजेतली घडी, कडेवर हात कापावा अशी. जोतिबा मास्तरांनी घरचा माइक आणला आणि त्यावर बोटाने टकटक करून ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पाहिलं. मल्हारने हॉलच्या दुसऱ्या टोकाची खुर्ची उचलून सुभेदारांसाठी पुढे ठेवली. राहीबाईंनी सगळ्यांना चहा दिला. घडी निम्मी झाली आणि वीज गेली. तेव्हा समोरच्या घरातून मल्हारच्या आई, हरणाबाई, चार्जिंगचा दिवा घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत हातात धरून उभ्या राहिल्या. त्या मूळच्या आटपाडीकडच्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागे माळांवर गेलेलं. तासभर दिवा धरून उभं राहण्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. कार्यक्रम उत्तम झाला. त्या महिन्यात कॉलनीच्या गॅलऱ्यांतली ब्लँकेटं सगळी फौजेत भरती झाल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या रविवारी मास्तर पावकी-निमकीचे जुने पाढे शिकवणार होते. वीज होती. तरी सुभेदारांची सून उत्कर्षा हिने, परत अंधार नको म्हणून, आपल्याकडचा मोठा दिवा आधीच आणून ठेवला. हरणाबाई आपला दिवा पदराखाली घेऊन हॉलच्या दारापर्यंत आल्या, आत जळणारा मोठा दिवा पाहिला आणि तशाच परत फिरल्या. मागोमाग मल्हार गेला. मल्हारच्या मागोमाग खुर्ची गेली, कारण त्या दिवशीही ती पुढे त्यानेच आणली होती, आणि मास्तर तेव्हा तिच्यावर टेकायच्या बेतात होते. पावकी-निमकी त्यांनी जमिनीवरून शिकवली.

त्यानंतर दोन आठवडे हरणाबाईंनी भाऊसोंच्या घराकडे पाठ करून अंगण झाडलं. हे दिसायला साधं, पण अंगणाच्या आकारामुळे त्यांना त्यासाठी उलटं चालावं लागत होतं. राग किती आहे ते यावरून कळावं. शेवटी एका संध्याकाळी भाऊसो पेढे घेऊन त्यांच्या दारात गेले.

“मी कोण येणारी?” हरणाबाई म्हणाल्या. “अंधार पडला तवा हरणाबाई. उजेड झाला की सुभेदाराची सून.”

“तसं नाही, आक्का. पोरीनं आपलं काळजीनं आणला.”

“व्हय तर. पैल्या दिवशी कुठं गेलती काळजी?”

तरी त्यांनी पेढा घेतला. प्रकरण तिथेच मिटलं होतं. पण नुसतं मिटू नये, गोड होऊन मिटावं, या हौसेपायी भाऊसो पायरी उतरता उतरता वळले आणि म्हणाले, “आक्का, दिव्याचा मान तुमचाच.”

झालं.

मान म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. गावच्या जत्रेत एखाद्या साली नेहमीचा माणूस तापाने पडलेला असतो, म्हणून दुसराच कुणी पालखीला खांदा देतो. पुढच्या साली तो परत देतो. तिसऱ्या साली तो त्याचा मान होतो, आणि त्यानंतर त्याच्या नातवाला तिथून हलवायचं तर कोर्टात जावं लागतं. तोंडाने म्हटलं नाही तोवर ती मदत असते. म्हटलं की इस्टेट.

दुसऱ्या दिवशी दूध यायच्या आधी मल्हार दारात हजर होता. “आईचा दिव्याचा झाला. मग खुर्चीचा कुणाचा, साहेब?”

“तुझाच की,” भाऊसो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दूध आल्यावर सुभेदार आले. “निकम साहेब, पैली घडी आमी घातली. खरं का खोटं?”

“खरं.”

“मग मान म्हंजे मान. दर टायमाला घडी आमची.”

मास्तर दुपारी आले, कारण सकाळी येणं त्यांना कमीपणाचं वाटलं. माइकची टकटक घेऊन गेले. उत्कर्षाचा दिवा नाकारला गेला होता, त्याची भरपाई म्हणून तिला गुलाबपाणी शिंपडण्याचं दिलं. गुलाबपाणी आजवर कधी शिंपडलं गेलं नव्हतं, पण मानाला आलेलं माणूस रिकाम्या हाती परत पाठवता येत नाही. संध्याकाळी राहीबाई चहाचा कप भाऊसोंच्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवत म्हणाल्या, “आन पैल्या दिवशी च्या कुणी केलता?”

अशी सगळ्यांची सोय लागली. भाऊसोंनी पहिल्या दिवशी फक्त कार्यक्रम घडवून आणला होता. त्याला मान नसतो.

यापुढचे रविवार एका ठरलेल्या क्रमाने होऊ लागले. दिवा येई, भर संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. खुर्ची हॉलच्या त्याच टोकाहून त्याच वाटेने येई. वाट मोकळी करायला माणसं उठत. माइकची टकटक होई. मग ब्लँकेटची घडी होई, उलगडून पुन्हा होई, कारण दुसऱ्यांदा टाळ्या जास्त पडत. गुलाबपाणी होई. चहा होई. उरलेल्या वेळात त्या दिवशीचा शिक्षक काय ते शिकवे. भाऊसोंचं झाड प्रत्येक वेळी शेवटी ठेवलेलं असे आणि प्रत्येक वेळी मास्तर माइकवरून जाहीर करत, “वेळेअभावी झाड पुढच्या महिन्यात.” भाऊसो आपली चित्रकलेची मोठी वही काखेत तशीच मिटून घरी येत.

“आलं का झाड परत?” राहीबाई विचारत. त्यांचं वाक्य साधं असे. बोचणारा भाग त्या विचारताना मान खाली घालून वाटाणे सोलत असत, त्यात होता.

पावसाळ्यानंतर जोतिबा मास्तरांनी घर विकलं आणि ते लेकीकडे साताऱ्याला राहायला गेले. घर घेतलं धैर्यशील नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने. हुशार माणूस, कागद वाचल्याशिवाय सही न करणारा आणि कागद नसला तर बनवून घेणारा. पुढच्या रविवारी त्याने माइकवर टकटक करायला बोट उचललं, आणि त्याच वेळी साताऱ्याच्या बसने आलेले मास्तर हॉलच्या दारातून ओरडले, “हात लावू नका!”

“घर घेतलंय मी, मास्तर. घराचं सगळं घेतलंय.”

“घर दिलंय. टकटक दिलेली न्हाई.”

“खरेदीत ‘तदनुषंगिक सर्व हक्क’ असं लिहिलंय.”

“त्यात नळाचं पाणी येतं. मान येत न्हाई.”

मान घराबरोबर जातो की घराण्याबरोबर, या प्रश्नावर सुभेदारांच्या गॅलरीत रात्रीचं जेवण होईपर्यंत बैठक चालली. भाऊसोंनी मधला मार्ग काढला: एक टकटक घराची, एक घराण्याची. दोघांनाही तो अपमान वाटला, म्हणजे निवाडा बरोबर होता. मास्तर तेव्हापासून दर महिन्याला साताऱ्याहून येत, एकदा बोट आपटत आणि परत जात. आता माइक तपासण्यातच इतका वेळ जाऊ लागला की तो बिघडला आणि नवा आणावा लागला.

मग पाहुणे यायला लागले. आपल्या माणसाला मान आहे म्हटल्यावर तो बघायला भावकी येणारच. आटपाडीकडून हरणाबाईंचे भाऊबंद आले, सुभेदारांच्या गावाकडून निवृत्त फौजींची एक तुकडी आली, धैर्यशीलची सासुरवाडी आली, मास्तरांचे साताऱ्याचे नवे शेजारी आले. हॉल पुरेना; माणसं बाहेर उभी राहू लागली. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून लाउडस्पीकर लागला, आणि लाउडस्पीकरला परवानगी. भाऊसो आणि सुभेदार परवानगीच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, “प्रकार काय? लग्न, सभा, वाढदिवस का यात्रा?”

“शिकवणं,” भाऊसो म्हणाले.

“शिकवण्याला स्पीकर कशाला लागतो?”

“बाहेर माणसं असतात.”

“त्यांना काय शिकवता?”

“त्यांना काही नाही. ते मान बघायला येतात.”

क्लार्कने आता मान वर केली. “मानकरी हायत? मग यात्रा म्हणा की सरळ. मगापासनं घोळ घालताय.” आणि त्याने अर्जावर ‘यात्रा’पुढे खूण केली. “दैवत?”

भाऊसो सुभेदारांकडे बघू लागले. शेजारून सुभेदार म्हणाले, “सरस्वती लिवा. देव बी आला, शिक्षण बी आलं.”

परवानगी त्याच दिवशी मिळाली. शिकवण्यासाठी गेले असते तर अजून चकरा मारत असते, हे सुभेदारांनी परतीच्या वाटेवर लक्षात आणून दिलं आणि ते खरं होतं, म्हणून भाऊसोंना जास्त लागलं.

यात्रा म्हटल्यावर बाकीचं बोलवायला लागत नाही, ते येतं. वर्ष पुरं झालं त्या रविवारी दुपारपासून मोकळ्या जागेत भेळेच्या गाड्या लागल्या, फुगेवाले आले, बांगड्यांची पथारी पसरली. मल्हारच्या मामांनी ढोल आणले आणि धनगरी गजी नाचणाऱ्यांचा फड उतरवला. आणि या सगळ्यांच्या मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पाळणा आला. आकाशपाळणा, दोनमजली घराएवढा उंच, लोखंडी, निळा-पिवळा. पाळणेवाल्याने जागा पाहिली, जमीन पायाने दाबली आणि तो नेमका कडुलिंबाच्या पुढ्यात जोडायला घेतला.

“इथं नको,” भाऊसो धावत गेले. “झाड झाकतंय.”

“झाडाकडं कोण बघतंय, साहेब?” धैर्यशील म्हणाला. तो कार्यक्रमपत्रिका वाटत होता. जाड, गुळगुळीत कार्ड. एका बाजूला छापलेलं, दुसरी कोरी. दिवा पहिला, खुर्ची दुसरी, टकटक घराची, टकटक घराण्याची, घडी, गुलाबपाणी, चहा, ढोल, महाप्रसाद. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: ‘झाड कसे काढावे – श्री. निकम (वेळ राहिल्यास)’.

वर्षभर ‘वेळेअभावी’ तोंडी ऐकलं होतं. ते छापून आल्यावर भाऊसोंना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त वही घरी नेऊन कपाटावर टाकली, परत आले आणि हॉलच्या पायरीवर बसून राहिले. राहीबाईंनी लांबून पाहिलं. पण त्यांना चहाचा मान होता आणि आधण उकळत होतं.

पाळणा उभा राहिला. पाळणेवाल्याने खांबाला नारळ वाढवला, हात पुसले आणि सहज, धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारावा तसा विचारलं, “पैली फेरी कुणाची?”

आजवर तो अनेक गावांत हिंडला असेल, पण एका प्रश्नाने एवढी शांतता त्याने पाहिली नसावी. ढोलसुद्धा थांबले.

“दिवा पैला, तर फेरी बी पैली आमची,” हरणाबाई म्हणाल्या आणि चढून बसल्या. आई बसली म्हणून मल्हार बसला. “वरिष्ठतेनं बघितलं तर,” असं म्हणत सुभेदार बसले, आणि सुभेदार बसल्यावर उत्कर्षाला खाली उभं राहणं जमेना. मास्तर आणि धैर्यशील एकाच दारातून एकदम आत शिरले, अडकले आणि समोरासमोर बसले. फुलांचा मान, पायपुसणं अंथरण्याचा मान, पंखा चालू करण्याचा मान, असे वर्षभरात वाढलेले सगळे चढले. शेवटी राहीबाई पदर खोचत आल्या.

“तूसुद्धा?” भाऊसो म्हणाले.

“च्या कुणी केलाय वर्षभर?” त्या म्हणाल्या, आणि आत बसल्यावर जरा नरमून, “तुमी बी या की. जागा हाय.”

“मला मान नाही.”

पाळणा एक फेरी गेला. खालून टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी फोन वर धरले. दुसऱ्या फेरीला निम्मा आला आणि बुडात चाबूक वाजावा तसा आवाज झाला. इंजिन मोकळंच धडधडत राहिलं, पाळणा एकदा हेलकावला आणि थांबला. पाळणेवाल्याने इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं.

“पट्टा गेला.”

“पडतोय का काय?” वरून कुणीतरी ओरडलं.

“पाळण्याला काय होत न्हाई. तुटून आसाला गुंडाळलाय, आता हलणार बी न्हाई. तुमी फकस्त गप बसा. उभं ऱ्हायचं न्हाई, खालच्यांनी बी उतरायचं न्हाई.” मग भाऊसोंना हळू आवाजात, “जादाचा पट्टा मागच्या जत्रेत वापरला. रविवारी दुकान कुठलं उघडं?”

मध्यावर टांगलेल्या मल्हारने ते ऐकलं. “माझ्या वर्कशॉपात हाय!” तो ओरडला. “कुपवाडला! चावी टाकतो, झेला, साहेब!” चावी भाऊसोंच्या पायाशी पडली. ती घेऊन पाळणेवाला कुणाच्या तरी दुचाकीवर बसून गेला. जायला-यायला, बसवायला अर्धा-पाऊण तास तरी, असं सांगून गेला.

वरून एकदम सगळे बोलायला लागले. सुभेदार अगदी टोकाला होते. ते खालच्यांना धीर धरण्याचे हुकूम देत होते. मास्तर साताऱ्याची शेवटची बस विचारत होते. धैर्यशील विम्यात पाळणा बसतो की नाही ते सांगत होता, आणि बसत नव्हता. हरणाबाई तेवढ्या स्वस्थ होत्या. त्यांनी पदरातून सुपारी काढली. खाली पाहुण्यांची गर्दी हेलकावायला लागली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माइकचे दोन्ही मानकरी हवेत होते.

भाऊसोंनी माइक उचलला. टकटक केली नाही.

“कुणी हलू नका,” ते म्हणाले. “पट्टा येतोय. काळजीचं कारण नाही. तोवर…”

तोवर काय, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. कार्यक्रमातली पहिली बाबही सुरू होऊ शकत नव्हती, कारण दिवा खाली होता आणि त्याचा मान वर. घडी होऊ शकत नव्हती. चहा होऊ शकत नव्हता. कॉलनीतला प्रत्येक मानकरी आपापल्या जागी बसलेला होता, उठणं शक्य नव्हतं, आणि सगळ्यांच्या पुढ्यात, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, कडुलिंब होता. खात्याने सोय केली असती तर इतकी चांगली झाली नसती.

“कार्ड आहे ना प्रत्येकाकडे?” भाऊसोंनी विचारलं. “त्याची मागची बाजू कोरी आहे. पेन काढा.”

“पेन कशाला?” सुभेदार वरून गरजले. “मृत्युपत्र लिवायचं का?”

“झाड काढायचंय.”

मग मास्तर म्हणाले, “पण वेळ…”

“वेळ राहिलाय,” भाऊसो म्हणाले. “पाऊण तास.”

धैर्यशीलच्या खिशात विम्याची पेनं मूठभर असत; एक त्याने मास्तरांना दिलं, आणि टकटकीच्या निवाड्यानंतर या दोघांत घडलेला हा पहिला व्यवहार. उत्कर्षाने पर्समधली भुवयांची पेन्सिल काढली. राहीबाईंकडे काहीच नव्हतं. त्यांनी केसातला आकडा काढला आणि गुळगुळीत कार्डावर ओरखडून पाहिला. उमटत होतं. हरणाबाईंनी काजळाची डबी उघडली.

“आधी काहीही काढायचं नाही,” भाऊसो म्हणाले. “आधी बघायचं.”

“बघायलाच बसिवलंय की इथं,” कुणीतरी म्हणालं. हसू झालं, पण बघू लागले.

“बुंधा सरळ आहे का?”

“हाय की,” सुभेदार म्हणाले. मग जरा वेळाने, नाइलाजाने, “न्हाई. डावीकडं कललाय. सावधान उभं न्हाई.”

“कलला का? उजवीकडची फांदी जड आहे म्हणून. डोक्यावर घागर घेतलेली बाई कशी उलट बाजूला कंबर काढते, तसा. कळलं? आता ती फांदी. बुंध्यात काठी खुपसल्यासारखी काढू नका. बुंधाच हळूहळू फांदी होतो. कुठे होतो ते बघा.”

“आत्ता गं बया,” राहीबाईंचा आवाज आला. “खरंच की.”

“जे खाली आहेत त्यांनी बुंधा काढा, मधल्यांनी फांद्या, वरच्यांनी शेंडा. जिथं बसलाय तिथनं दिसतं तेवढंच. डोक्यातलं झाड नको, समोरचं काढा.”

“तिसरी फांदी कुठली धरायची?” धैर्यशीलने विचारलं. “ती अगदी सरळ गेली ती का?”

“ती केबलची वायर हाय, धैर्यशीलराव,” वरून सुभेदार म्हणाले. “नीट बघा जरा. साहेब काय सांगत्यात?”

साहेब. सांगत्यात. भाऊसोंनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांनी फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेचं सांगितलं. की फांद्या जमत नसतील तर त्या काढूच नका, त्यांच्या मधे आभाळाचे जे तुकडे दिसतात ते काढा, फांद्या आपोआप उरतात. हे त्यांनी कुणालाही आजवर सांगितलेलं नव्हतं. खालची गर्दी कधी गप्प झाली ते त्यांना कळलं नाही. आटपाडीच्या भाऊबंदांपैकी काहींनी कार्डं उलटी केली होती. एक निवृत्त हवालदार भेळेच्या कागदावर काढत होता. भेळवाला गिऱ्हाइकाला चमचा द्यायचा विसरून झाडाकडे बघत उभा होता.

“आक्का, तुमचं कसं चाललंय?”

“माज्या लिंबाला आभाळच जास्त आलंय,” हरणाबाई म्हणाल्या. बोट काजळात बुडवून त्या परत खाली वाकल्या. “आसूं दे. माळावर तसंच आसतंय.”

पाळणेवाला परत आला. त्याने आसाचा गुंता सोडवला, पट्टा चढवला, ओढून पाहिला, हाताला लागलेलं ग्रीस पॅन्टला पुसलं आणि भाऊसोंच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“झालं, साहेब. सोडू?”

भाऊसोंनी वर पाहिलं. सुभेदार नानासोंची जीभ दातांत होती. मास्तर आणि धैर्यशील एकमेकांच्या कार्डात डोकावत होते, भांडत होते, आणि भांडण डाव्या फांदीच्या जाडीवर होतं. राहीबाई एक डोळा मिटून, आकडा समोर धरून, झाड मोजत होत्या. कुणालाही पट्टा आल्याचं समजलेलं नव्हतं.

भाऊसोंनी माइक तोंडापासून लांब धरला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “पानं राहिलीत.”